वाचून दाखवला, बरोबर आहे

गुरुवारी दुपारी अडीच वाजता नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो. आम्ही सात जण. सगळे निवृत्त. मी सर्वांत म्हातारा, चौऱ्याहत्तरचा. मुलगी ब्रिस्टलला असते, नातवंडांना आमचे फ्रेंच समजते पण उत्तर इंग्रजीत येते, म्हणून शिकतो, असे मी लोकांना सांगतो. खरे कारण तेवढेच आहे का, मला नक्की सांगता येणार नाही. बायको गेल्यावर घरात पुस्तके आणि मी एवढेच उरलो. वर्गात मी खिडकीजवळ, रेडिएटरच्या कडेला बसतो. तिथे शिकवणाऱ्याची नजर सहसा पोहोचत नाही.

शिकवणाऱ्या ग्वेन थॅकरे यॉर्कशायरच्या. नवऱ्याबरोबर आमच्या नदीकाठी घर घ्यायला आल्या, नवरा वारला, त्या राहिल्या. त्यांचे फ्रेंच आमच्या इंग्रजीपेक्षा फार चांगले नाही. त्यामुळे वर्गात कोणाला कोणाची लाज वाटत नाही. मला मात्र लाज वाटते, पण ती माझी सवय आहे.

मार्चमधल्या त्या गुरुवारी धडा होता तो डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बोलण्याचा. एकाने म्हटलेले दुसऱ्याने सांगायचे. 'मी' चा 'तो' करायचा, क्रियापद काळात एक पायरी मागे न्यायचे.

"म्हणजे बायकोनं मला शिव्या घालायच्या," झिल्बेर म्हणाला, "आणि मी त्या शेजाऱ्याला सभ्य करून सांगायच्या." झिल्बेरचे बाजारात डुकराच्या मांसाचे दुकान होते. दुकान विकले, आवाज तेवढा ठेवला.

"अगदी तसंच, मस्यू झिल्बेर," ग्वेनबाई म्हणाल्या. "फक्त शिव्या भूतकाळात."

आम्हा फ्रेंच लोकांचा घोळ होतो तो क्रियापदापाशी. 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांना आमच्याकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत दोन आहेत आणि प्रत्येकाचे नखरे वेगळे. तरी मला वाटले, हा धडा आपल्याला जमेल. जन्मभर मी दुसरे काय केले होते? सदतीस वर्षे मी न्यायालयात कारकून होतो. त्यातली पहिली दहा तपास करणाऱ्या न्यायाधीशांच्या खोलीत. साक्षीदार बोलायचा, घोळ घालायचा, मागे जायचा, रडायचा. न्यायाधीश ऐकून घ्यायचे, त्याचे एक वाक्य करायचे आणि मला सांगायचे, "लिहा." मी टाइप करायचो. गंमत अशी की कागदावर ते वाक्य 'मी' नेच सुरू व्हायचे, जणू साक्षीदारच बोलतो आहे. शेवटी कारकुनाने सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवायचा, मग खाली ठरलेली ओळ यायची, 'जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे', आणि त्याखाली सही.

ग्वेनबाईंनी जोड्या लावल्या. घरातल्या कोणाचे तरी लक्षात राहिलेले एक वाक्य जोडीदाराला सांगायचे, जोडीदाराने ते उभे राहून वर्गाला. माझ्या वाट्याला मारीझ बुर्दे आली. साठीची, शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक करून निवृत्त झालेली, जानेवारीपासूनच येऊ लागली होती.

"चला, मस्यू आन्सेल्म. आधी तुमचं की माझं?"

"तुमचं," मी म्हणालो. मी नेहमी तेच म्हणतो.

तिने वहीत मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य लिहिले आणि वही माझ्याकडे सरकवली. 'मला घंटी ऐकू आली नाही.'

"कोणाचं हे?"

"बापाचं. रेल्वेचा फाटकवाला होता. सत्तावीस नंबरचं फाटक, पाणचक्कीच्या वळणावरचं. माहेरची मी लाशो. फिर्मँ लाशोची मुलगी."

आपण लिहिलेले पत्र अनोळखी माणसाच्या खिशातून निघावे, तसे मला झाले. ते वाक्य मी ओळखत होतो. ते टाइप करताना मशीनचा 'e' थोडा वर उडायचा, हेसुद्धा मला आठवले. काही बोलायच्या आत ग्वेनबाईंनी नाव घेतले. "मस्यू आन्सेल्म, आज सुरुवात तुमच्यापासून."

मी उभा राहिलो. मी काय केले, याचे मला अजून नवल वाटते. मी म्हणालो, "मारीझच्या वडिलांनी सांगितलं, की त्यांना घंटी ऐकू आली नव्हती." क्रियापद बरोबर, काळ बरोबर, सर्वनाम बरोबर. पन्नास वर्षांपूर्वी केलेले काम मी पुन्हा एकदा बिनचूक करून दाखवले.

"बघा!" ग्वेनबाईंनी टाळी वाजवली. "एकही चूक नाही!"

"कोर्टातला माणूस तो," झिल्बेर म्हणाला. "लोकांच्या तोंडी वाक्यं घालायचा पगार घेतलाय त्यानं."

सगळे हसले. मारीझही हसली. मी खाली बसलो.

"आता उलट करू," ग्वेनबाई म्हणाल्या. "मारीझ, त्यांचे मूळ शब्द काय होते? त्यांच्या तोंडचे?"

"हेच की. कागदावर आहे, खाली त्याची सही आहे." मग तिला इंग्रजी पुरेना आणि ती फ्रेंचमध्ये सुटली. "मी अकरा वर्षांची होते. गाडी आली तेव्हा फाटक उघडं होतं. दुधाचा ट्रक मधे आला. चालवणारा पोरगा बावीस वर्षांचा, जागीच गेला. आई म्हणायची, घंटी वाजली आणि ह्याला ऐकू आली नाही, म्हणजे बाटली उघडी होती. नोकरी गेली, तीन आठवड्यांत फाटकाचं घर गेलं. आणि मग ह्यानं दुसरीच गोष्ट रचली. रोज सूप पुढ्यात आलं की तीच. आई विचारायची, मग सही कशाला केलीस? की गप्प. एकोणीस वर्षं, मरेपर्यंत, हेच चाललं. मी तर त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं."

"जाऊ दे गं आता," झिल्बेर म्हणाला.

"जाऊच देतेय. थडग्याची तीस वर्षांची मुदत संपली, पालिकेचं पत्र आलंय. एकतीस तारखेपर्यंत कळवायचं, जागा ठेवायची की सोडायची. सोमवारी खाली पालिकेच्या कार्यालयात जाऊन सांगणार आहे, काढा म्हणावं हाडं आणि टाका सगळ्यांच्या खड्ड्यात. त्या पोराची आई अजून आहे. मला बाजारात भेटते. ती 'बोंझूर' म्हणते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

झिल्बेरने डोक्यावरची टोपी काढली. वर्गात असे काही होईल याची ग्वेनबाईंना कल्पना नव्हती. त्या खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर मी कोट न काढताच बसून राहिलो.

चौदा ऑक्टोबर १९७५. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीला आठ महिने झालेले. न्यायाधीश व्होझेल खिडकीला पाठ करून बसलेले. समोर फिर्मँ लाशो, गुडघ्यावर टोपी, तळवे टोपीवर पालथे, जणू ती उडून जाईल. साहेबांनी विचारले, गाडी येत असल्याची सूचना देणारी घंटी वाजली तेव्हा तुम्ही कुठे होता. लाशो बोलला. आमच्या डोंगरातल्या बोलीत बोलला. मला हसू आले, ते मी दाबले. साहेब मुळीच हसले नाहीत. ते पॅरिसकडचे होते. "लिहा," ते म्हणाले, "मला घंटी ऐकू आली नाही." मी लिहिले.

ते वाक्य आणि लाशोचे वाक्य एक नव्हते. हे मला तेव्हा कळले होते का? कळले असणार. घंटी वाजलीच नाही असे कागदावर गेले असते, तर तारा तपासाव्या लागल्या असत्या, माणसे बोलवावी लागली असती. ऐकू आली नाही म्हटल्यावर सगळे त्या एका माणसाच्या कानाशी येऊन थांबत होते. पण माझ्या मनात तेव्हा एवढा विचार आला असे म्हणणे म्हणजे स्वतःला उगाच मोठेपणा देणे आहे. बहुधा माझ्या मनात काहीच आले नाही.

पावणेबारा झाले होते. मंगळवार होता, आणि मंगळवारी चौकातल्या खाणावळीत वासराचे डोके शिजायचे. साहेबांनी घड्याळ पाहिले. वाचायचे राहू दे असे ते म्हणाले का? मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो की म्हणाले. आता मला तशी खात्री नाही. कदाचित त्यांनी नुसते घड्याळच पाहिले असेल, आणि बाकीचे मी समजून घेतले असेल. 'जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे' हे मी टाइप केले आणि कागद लाशोपुढे ठेवला. त्याला लिहिता-वाचता येत होते ते जेमतेम नाव लिहिण्यापुरते.

"काय लिहिलंय?" त्याने मला विचारले. साहेबांना नाही, मला.

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हणालो.

त्याने सही केली. आभार मानत तो मला 'मेर्सी' म्हणाला.

एवढे आठवत असूनही मला एक आशा होती, आणि ती सांगायला लाज वाटते. म्हाताऱ्या माणसाची आठवण. मी चुकत असेन. लाशोचे शब्द मी मागाहून मनात बनवले असतील. पण खात्री करायची सोय होती. तरुणपणी मला आमच्या डोंगरातली बोली जमवायचा नाद होता. साक्षीदारांच्या तोंडून एखादा छान वाक्प्रचार आला की मी तो खिशातल्या वहीत उतरवून घ्यायचो. त्याचे पुढे एक पुस्तक करायचे होते. पुस्तक झाले नाही, अकरा वह्या झाल्या. त्या माळ्यावर होत्या.

माळ्यावर जायला मी शुक्रवार दुपारपर्यंत वेळ लावला. पुठ्ठ्याचा खोका उघडताना मला वह्या उंदरांनी खाल्लेल्या हव्या होत्या. उंदरांनी त्यांना तोंडही लावले नव्हते. तिसऱ्या वहीत, माझ्या त्या वेळच्या नीटस अक्षरात, तारखेसह होते:

'घंटीची दातखीळ बसली होती, साहेब. मी काय तिचं तोंड उचकटायला जाऊ? — फि. लाशो, फाटकवाला.'

आणि शेजारी समासात, लाल पेन्सिलीने, उद्गारचिन्ह देऊन मी लिहिले होते: 'सुंदर!'

मी माळ्यावरच्या फळीवर बसलो. जबाबाच्या कागदावर त्याचे खरे वाक्य मी येऊ दिले नाही. आणि त्याच दिवशी, बहुधा वासराचे डोके खाताना, तेच वाक्य मी माझ्यासाठी वेगळे काढून ठेवले. जगात ते त्या दिवशीच्या तारखेसह लिहिलेले असे एकाच ठिकाणी होते, आणि तिथे त्याला मी शेरा दिला होता.

शनिवारी सकाळी मी मारीझच्या घरी गेलो. दार उघडेच होते. ती स्वयंपाकघरात सशाच्या रश्शासाठी कांदे चिरत होती.

"अरे, मस्यू आन्सेल्म! गृहपाठ अडला की काय? तुमचा अडायचा म्हणजे कमालच."

मी वही टेबलावर ठेवली. वाटेत जुळवलेली वाक्ये सगळी गेली. "हे जरा वाचा."

"हात कांद्याचे आहेत. तुम्हीच वाचून दाखवा की."

ती पाठमोरी होती. मी वही उचलली. मोठ्याने वाचायचे म्हटल्यावर माझा आवाज न्यायालयातही फुटायचा नाही. "घंटीची दातखीळ बसली होती, साहेब," मी वाचले.

"मी काय तिचं तोंड उचकटायला जाऊ?" मारीझ म्हणाली.

ती वळलीसुद्धा नव्हती. तोंडातून सवयीने आले असावे, रोज सूप पुढ्यात आले की ऐकलेले. मग सुरी थांबली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनी. चौदा ऑक्टोबर पंचाहत्तरला. न्यायाधीशांपुढे. टाइप करायला मी होतो."

तिने हात धुतले. एकेक बोट धुतल्यासारखे, फार वेळ. ॲप्रनच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वही माझ्या हातातून घेतली. आधी तारीख पाहिली. मग वाक्य. मग तिचे बोट समासात गेले आणि तिथेच राहिले.

"हे काय लिहिलंय?"

"सुंदर," मी म्हणालो.

"सुंदर." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "माझा बाप जीव तोडून सांगत होता आणि तुम्हाला त्याची भाषा आवडली?"

मी होय म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

"मग कागदावर का नाही?"

"साहेबांनी दुसरं वाक्य सांगितलं. मी ते लिहिलं. वाचून दाखवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही."

"म्हणजे घंटी वाजली नव्हती."

इथे 'नव्हती' म्हणून टाकले असते तर तिला किती बरे वाटले असते. "मला माहीत नाही, मादाम," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नाही. तपास झालाच नाही. वाजली नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, एवढंच मला माहीत आहे."

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. ती खुर्चीवर बसली, तेही नीट नाही, काठावर. "आम्ही म्हणायचो, पिऊन पिऊन सुचलेली गोष्ट. मी त्याला तोंडावर म्हणालेय. सोळा वर्षांची होते. म्हटलं, सही केलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. त्यानंतर त्यानं माझ्यापुढे कधी नाही काढली ती गोष्ट. मी घरी असले की सूप नुसतं प्यायचा."

चुलीवर काहीतरी लागल्याचा वास येत होता. दोघांपैकी कोणी उठले नाही.

"आणखी काय म्हणाला तो?" तिने विचारले. "तिथे, त्या खोलीत. आणखी काहीतरी म्हणाला असेल."

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काहीही सांगितले असते तरी तिने ते घेतले असते. घरी लहान मुलगी आहे, असे काही. तसे वाक्य माझ्या जिभेवर तयारही झाले. अशी वाक्ये तयार करणाऱ्या खोलीतच मी दहा वर्षे काढली होती.

"त्यांनी विचारलं, काय लिहिलंय," मी म्हणालो. "मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेच. मग ते मला 'मेर्सी' म्हणाले. बाकी माझ्याकडे काही नाही."

मारीझने वही मिटून जवळ ओढली. मग म्हणाली, "वही राहू दे इथे. तुम्ही जा." मी दाराशी पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, "आणि दार ओढून घ्या." दार मी आलो तेव्हा उघडे होते.

बुधवारी मी दफनभूमीत जातो, बायकोकडे. तिच्या ओळीच्या मागच्या ओळीत फिर्मँ लाशो आहे. पाच वर्षे मी त्याच्यावरून जात होतो आणि नाव वाचले नव्हते, मी, जो औषधाच्या डबीवरची माहितीसुद्धा वाचतो. मुदत संपलेल्या थडग्यांपुढे पालिका पत्र्याची पाटी खोचते, 'संबंधितांनी कार्यालयात भेटावे'. त्याच्यापुढे पाटी नव्हती. खडीत तिची ताजी भोके होती. दगडावरचे शेवाळ कोणीतरी खरवडून काढले होते, घाईघाईने, फक्त नावापुरते.

गुरुवारी मी वर्गाला जाऊ नये असेच ठरवले होते. तरी गेलो. मारीझ आधीच आली होती आणि झिल्बेरशेजारी बसली होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही. ग्वेनबाई पुढचा धडा उघडत होत्या तेवढ्यात तिने हात वर केला.

"मागच्या वेळचं एक दुरुस्त करायचंय. मस्यू आन्सेल्मनी माझ्या बापाचं वाक्य चुकीचं सांगितलं."

"पण ते तर अगदी..." ग्वेनबाईंनी वहीत पाहिले.

"चुकीचं होतं. त्यांना माहीत आहे. उभे राहा, मस्यू."

मी उभा राहिलो. दातखिळीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला येत नव्हते. मी जे बोललो ते असे काहीतरी झाले: "मारीझचे वडील न्यायाधीशांना म्हणाले, की घंटी तोंड बंद ठेवते, आणि ते तिचं तोंड उघडू शकत नाही." काळ चुकला, म्हणणे आणि सांगणे यांची अदलाबदल झाली, सगळेच चुकले. ग्वेनबाई दुरुस्त करायला उठल्या, मारीझकडे पाहिले आणि पुन्हा बसल्या.

"परत," मारीझ म्हणाली. "मोठ्यानं. मागे ऐकू जायला हवं."

मागे कोणीच बसत नाही. मी परत सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले. तिने समोर माझी वही उघडून ठेवली होती आणि वाक्यावर बोट धरले होते, वाचायला शिकणारी मुले धरतात तसे. मग तिने वही मिटून आपल्या पिशवीत टाकली.

"बरोबर आहे," ती ग्वेनबाईंना म्हणाली. "चालू द्या पुढे."

ग्वेनबाईंनी पुढचा धडा काढला. मला बसायला कोणी सांगितले नाही, आणि मला कितीतरी वेळ ते सुचलेच नाही.